मुलाचे पोट आणि आईचा दिवस

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कुपोषण हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट उभा राहतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या आणि १९९३ साली मेळघाटाच्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि सारा महाराष्ट्र हळहळला. मात्र त्या हळहळीतून एक सोयीची समजूतही रुजली. कुपोषण म्हणजे दूरच्या डोंगरातला, आदिवासी पाड्यांतला आणि तोही पावसाळ्यापुरता प्रश्न, अशी ती समजूत होय.

आकडे मात्र वेगळेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी, सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने लुकडी आणि ३६ मुले कमी वजनाची आढळली. लुकड्या मुलांचे संपूर्ण देशाचे प्रमाण शंभरात १९ होते. म्हणजे साखर कारखाने, उद्योगधंदे आणि शिक्षणसंस्था यांनी गजबजलेले आपले राज्य या एका बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीतही लुकड्या मुलांचे प्रमाण नेमके एवढेच होते. मधल्या वर्षांत रेशनचे धान्य आले, योजना आल्या, परंतु हा आकडा जागचा हलला नाही.

असे का व्हावे? घरात ज्वारीचे पोते आहे, रेशनचा गहू-तांदूळ आहे, गावात अंगणवाडी आहे आणि तरीही मूल वाळत चालले आहे, हे दृश्य आमच्या बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात नवलाचे नाही. या प्रश्नाचा विचार करू जाता मला असे वाटते की, धान्य घरात येणे आणि अन्न मुलाच्या पोटात जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये कोणाचे तरी दोन हात आणि कोणाचा तरी वेळ लागतो. आपण धान्याचा हिशेब ठेवतो, वेळाचा ठेवत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

कुपोषण कसे ओळखतात?

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. बुटकेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, हे दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचे लक्षण असते. लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजन, हे बहुधा अलीकडच्या उपासमारीचे किंवा आजारपणाचे लक्षण असते. कमी वजनात या दोहोंचीही भेसळ असते. पोट पुढे आलेले आणि हातपाय काटकुळे झालेले मूल कोणालाही ओळखू येते. खरा धोका असा की, सुरुवातीचे कुपोषण डोळ्यांना दिसत नाही. शेजारची सगळीच मुले बारीक असली म्हणजे आपलेही मूल आईला नेहमीसारखेच वाटते.

म्हणून मापाची गरज असते. अंगणवाडीत वजनकाटा असतो, उंची मोजण्याची पट्टी असते आणि दंडाचा घेर मोजण्याची एक साधी रंगीत फीतही असते. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरला तर फीत हिरवा रंग दाखवते. साडेअकरा ते साडेबारा यांच्या मध्ये पिवळा रंग येतो, आणि ते मूल मध्यम कुपोषित समजतात. साडेअकराच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. तो काटकुळा दंड पाहिला म्हणजे मग आकडेवारीची गरज राहत नाही. लाल रंगातल्या मुलाला साध्या आजारातही मृत्यूचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो.

पहिले हजार दिवस

गर्भातले सुमारे २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षे मिळून हजार दिवस होतात. बाळाचे जन्मवेळचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हावे लागते. मेंदूची बहुतेक वाढ दोन वर्षांच्या आतच होऊन जाते. या काळात जी उणीव राहते ती पुढे शाळेतल्या खिचडीने पुरती भरून निघत नाही. पहिलीच्या वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला आपण मठ्ठ म्हणतो. त्याच्या मठ्ठपणाची मुळे कदाचित त्याच्या वयाच्या नवव्या महिन्यात असतात.

हे हजार दिवस आईच्या पोटातच सुरू होतात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची निघाली. याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसून आली. शेतकाम, पाणी वाहणे अशी कष्टाची कामे ज्यांना गरोदरपणी अधिक करावी लागत होती त्यांची बाळे सरासरीने लहान होती. म्हणजे आईच्या ताटात काय आहे याबरोबरच आईच्या डोक्यावर काय आहे हेही बाळाच्या वजनात उतरते.

वाटीचे गणित

जन्मल्याबरोबर तासाच्या आत अंगावरचे दूध, पहिला चीक न काढता पाजणे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही न देणे, एवढे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मध, गूळपाणी, गुटी यांचा जोर अजून पुरता ओसरलेला नाही, परंतु कमी झाला आहे. खरी घसरण सहा महिन्यांनंतर सुरू होते.

आपल्याकडे सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण करण्याची जुनी चाल आहे. वैद्यकशास्त्र जे वय सांगते तेच हे वय. परंतु उष्टावणाच्या दिवशी खीर चाटवली जाते, मामा येतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा केवळ दुधावर. भाकरी चावता येईपर्यंत मध्ये जे काही मिळते ते म्हणजे डाळीवरचे पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेले बिस्कीट.

येथे थोडे गणित करून पाहू. आईच्या दुधाखेरीज नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० कॅलरी हव्या असतात. आता दोनशे मिलिलिटरच्या वाटीत दहा ग्रॅम ज्वारीचे पीठ घालून पातळ पेज केली तर त्या वाटीत कॅलरी भरतात ३५. म्हणजे ३०० कॅलरींसाठी बाळाने साडेआठ वाट्या पेज प्यायला हवी. त्या बाळाचे पोट एका वेळेला जेमतेम एवढ्याच एका वाटीचे असते. बाळ पेज पिऊन तट्ट फुगते, झोपते आणि आईला वाटते पोट भरले. पोट भरलेले असतेच, पण पाण्याने.

आता त्याच वाटीत तीस ग्रॅम पीठ घालून घट्ट शिजवले, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा दहा ग्रॅम अगदी बारीक कूट आणि एक चमचा तेल घातले तर कॅलरी होतात सुमारे २०५. दीड वाटीत दिवसाची गरज भागते. चमचा वाकडा केला तरी ओघळून जाणार नाही इतके अन्न घट्ट असावे, ही ओळखण्याची खूण. त्यात कधी मुगाची डाळ, कधी शेवग्याचा पाला, मेथी, कधी अंडे अशी भर पडली तर प्रथिने आणि लोह यांचीही सोय होते. हे सर्व पदार्थ खेड्यात मिळणारे आहेत. शेवगा तर कित्येकांच्या दारात असतो.

असे असूनही पाचव्या पाहणीनुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी केवळ ११ मुलांनाच पुरेसा आहार मिळत होता. हे केवळ दारिद्र्याने घडते असे म्हणता येत नाही, कारण खात्यापित्या घरांतली मुलेही त्यात येतात. आणि केवळ अज्ञानाने घडते असे म्हणणे तर आयांवर अन्याय करणारे आहे. ती दीड वाटी बाळ एका बैठकीत खात नाही. तीन-चार वेळा थोडे थोडे भरवावे लागते, दर वेळी गरम करावे लागते, बाळ तोंड फिरवते तेव्हा त्याच्याशी बोलत थांबावे लागते. एका वेळेला अर्धा तास धरला तरी दिवसाचे दोन तास झाले. हे दोन तास कोणाजवळ आहेत?

कोयता आणि कोपी

आष्टी, पाटोदा, शिरूर या आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे उसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकापर्यंत टोळ्या पांगतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल कोयत्यावर मिळते, त्यामुळे बाईला मागे ठेवून जाता येत नाही. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. बाळ तीन महिन्यांचे असो की दीड वर्षाचे, ते आईबरोबर निघते.

कोपीवरचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी एकदाच थापते. उजाडायच्या आत टोळी फडावर पोहोचते. ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी कारखान्यावर केव्हा रिकामी होईल याचा नेम नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाळ बांधाच्या कडेला पाचटावर फडक्यात असते. दूध पाजायला मध्ये दहा मिनिटे मिळतात, तीही मुकादमाच्या मर्जीने. वरचे अन्न म्हणजे पहाटेच्या भाकरीचा वाळका तुकडा, नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. नऊ महिन्यांच्या बाळासाठी दुपारी वेगळे घट्ट शिजवून भरवायला त्या फडात चूल नाही, पाणी नाही आणि हात तर नाहीतच.

मग हात कोणाचे? थोरल्या बहिणीचे. मी तिसरीत असताना एक अख्खा हंगाम धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर राहिले. आई जाताना दुधाची बाटली आणि भाकरी ठेवून जाई. माझे वय आठ आणि त्याचे सव्वा. मी त्याला प्रेमाने सांभाळले यात शंका नाही, पण आठ वर्षांचे मूल सव्वा वर्षाच्या मुलाला किती भरवणार? तो रडला की मी बिस्कीट देई. हंगाम संपून गावी आलो तेव्हा तो चालायचा थांबला होता. पुढे आजीने त्याला पावसाळाभर आपल्याजवळ ठेवून घेतले आणि तो सावरला. आज तो अकरावीत आहे. माझ्याबरोबर कोपीवर असणाऱ्या सगळ्याच मुलींच्या भावंडांबद्दल मला असे लिहिता येत नाही.

हे सांगण्याचा हेतू दुःख उगाळण्याचा नाही. आई निष्काळजी नव्हती, घरात धान्य नव्हते असेही नाही. उणीव होती ती दिवसाच्या मधल्या आठ-दहा तासांत एका मोठ्या माणसाची.

जुलाब आणि उपवास

अशा ठिकाणी दुसरा शत्रू लगेच येऊन मिळतो. कालव्याचे पाणी, उघड्यावरची घाण, माशा यांमुळे मुलाला जुलाब लागतात. जुलाबाने भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन उतरते. वजन उतरले की प्रतिकारशक्ती घटते आणि पुन्हा जुलाब लागतात. अशक्तपणा आणि आजार यांचे हे रहाटगाडगे आहे. त्यात जुलाब झाले की पोटाला विश्रांती म्हणून मुलाचे खाणे तोडण्याची आपल्याकडे रीत आहे, ती तर आगीत तेल ओतणारी आहे. जुलाबात जलसंजीवनी पाजावी, स्तनपान चालू ठेवावे, चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात आणि मऊ अन्न थोडे थोडे का होईना चालूच ठेवावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. आजारातून उठलेल्या मुलाला तर काही दिवस नेहमीपेक्षा एक वेळ अधिक जेवण हवे. म्हणजे पुन्हा प्रश्न आला तो वेळाचाच.

योजनांनी काय दिले, काय राहिले

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा पूरक आहार हा हक्क बनला. महाराष्ट्राने आदिवासी भागात २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू करून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस ताजे जेवण देण्यास प्रारंभ केला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत घालून दिली. त्यामुळे तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. घरापर्यंत जाणारे शिकवलेले हात काय करू शकतात याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तरीही एक मोठी फट राहून गेली आहे. अंगणवाडीत येऊन बसणारी आणि ताजा आहार घेणारी मुले तीन वर्षांवरची असतात. ज्या वयात सर्वांत अधिक घसरण होते त्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक ठिकाणी घरी नेण्याचा कोरडा आहार मिळतो. म्हणजे अन्न दिले, पण ते शिजवून भरवणारे हात मात्र आईचेच गृहीत धरले. ते पाकीट घरातल्या साऱ्या पोरांत वाटले जाते यात कोणाचा दोष काढावा? शिवाय जे मूल ऑक्टोबरात गाव सोडते त्याचे नाव गावच्या वहीत राहते आणि मूल दुसऱ्याच तालुक्याच्या उसात. अंगणवाडीच्या मोबाईल नोंदणीत आता स्थलांतराची सोय आली आहे. परंतु नोंद हलली तरी कोपीपासून दोन-तीन किलोमीटर दूरच्या अंगणवाडीत बाळाला पहाटे चार वाजता कोण पोहोचवणार?

हातांची सोय

यावर उपाय नाही असे मात्र नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले आणि त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. आई जिथे कामाला, तिथेच पाळणाघर, हे त्यांचे साधे सूत्र. छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने खेड्यापाड्यांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी फुलवारी चालवल्या. गावातलीच बाई मुले सांभाळते, त्यांना दिवसातून अनेकदा ताजे अन्न भरवते आणि आया निर्धास्तपणे कामाला जातात. थोरल्या बहिणी शाळेत जाऊ लागतात, हा त्याचा दुसरा लाभ. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करून तिला मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली होती. कल्पना जुनी आहे, कायद्याच्या कागदावर ती येऊन गेलेली आहे. फडावर ती पोहोचलेली नाही, एवढेच.

अर्थशास्त्राच्या वर्गात आपण शिकतो की वस्तूची किंमत ठरण्यात तिच्या उत्पादनाच्या खर्चाचाही वाटा असतो. साखरेच्या पोत्याच्या खर्चात ऊस धरतात, तोडणी-वाहतूक धरतात, यंत्रे आणि व्याज धरतात. त्या पोत्यामागे बाळाचे जे दोन तास खर्ची पडले ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत. एका टोळीमागे एक सांभाळणारी बाई, एक सावली, एक चूल आणि पिण्याचे स्वच्छ पाणी यांना येणारा खर्च कारखाना, ठेकेदार आणि शासन यांनी वाटून घेतला तर तो कोणालाच जड जाणार नाही, असे मला वाटते.

विद्यार्थी बंधु-भगिनींनो, आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात भरते. त्या वेळी गळीत हंगाम ऐन भरात असतो. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, संध्याकाळी कार्यक्रम करतो. यंदाचे एक शिबिर एखाद्या साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर घ्यावे, अशी माझी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. तेथील अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्र यांना बरोबर घेऊन प्रत्येक मुलाचा दंड मोजावा, लाल आणि पिवळ्या रंगाच्या मुलांची यादी आरोग्य केंद्राच्या हाती द्यावी आणि सात दिवस एक पाळणाघर चालवून घट्ट, ताजे अन्न भरवण्यास नेमका किती वेळ, किती धान्य आणि किती पैसा लागतो याचा चोख हिशेब लिहून काढावा. सात दिवसांनी मुले धष्टपुष्ट होणार नाहीत. परंतु तो हिशेब कारखान्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवता येईल, आणि कोणीतरी मोजले आहे हे कळल्यावर नाही म्हणणे थोडे अवघड होईल.

कोपीवर राहिलेल्या आम्हा काही जणांना टोळ्यांची भाषा येते, मुकादमांशी बोलता येते. वाट दाखवायला आम्ही तयार आहोत.